खेडमध्ये बसून इमिग्रेशनची वकिली होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सनद मिळाली, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या कोर्टात दोन वर्षं सीनियरांकडे काम चालू आहे, गावातले लोक कुवेत, सौदी, कॅनडाबद्दल विचारत येतात. एका ऑनलाइन ‘इमिग्रेशन लॉ डिप्लोमा’ची जाहिरात पाहिलीत, फी बरीच आहे. तो करून इथेच प्रॅक्टिस सुरू करावी की मुंबई गाठावी?

मुंबई की खेड हे नंतर बघू. आधी ठरवायचं ते हे की तुम्हाला कोणत्या देशाचा कायदा चालवायचा आहे. ‘इमिग्रेशन लॉयर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर व्हिसा काढून देणारा माणूस येतो. पण व्हिसा द्यायचा की नाही हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं, आणि आपली सनद १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखालची, इथली न्यायालयं आणि इथले अधिकारी यांच्यापुरती. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ९१ असं आहे की पैसे घेऊन अर्जदाराला सल्ला द्यायचा किंवा त्याची बाजू मांडायची तर तिथल्या बारचा सदस्य, क्युबेकचा नोटरी किंवा तिथल्या नियामक संस्थेचा परवाना असलेला कन्सल्टंटच लागतो. अमेरिकेत सहसा तिथल्या एखाद्या राज्याची वकिलीची सनद लागते. ब्रिटनमध्येही नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. डिप्लोमाचं प्रमाणपत्र यातल्या कुठल्याच दारात चालत नाही. तेव्हा तो अभ्यास म्हणून करायचा असेल तर करा, हक्क मिळेल म्हणून पैसे भरू नका.

कॅनडा किंवा इंग्लंडचीच वकिली करायची असेल तर रस्ता वेगळा आहे आणि तो लांबचा आहे. कॅनडासाठी एनसीए या तिथल्या समितीकडून पदवीचं मूल्यमापन आणि त्यांच्या परीक्षा, इंग्लंडसाठी एसक्यूई ही सॉलिसिटरची परीक्षा. मग प्रॅक्टिसही तिकडेच. घरची परिस्थिती, वय, इंग्रजी या सगळ्यावर ते अवलंबून आहे, आणि त्याबद्दल मी इथून ठाम काही सांगणार नाही.

पण कोकणात बसून जे काम होतं आणि ज्याची खरी गरज आहे, ते भारतीय कायद्याचं आहे. माणूस विमानात बसायच्या आधी त्याची कागदपत्रं, पासपोर्ट, एजंटबरोबरचा व्यवहार. तो तिकडे असताना इथलं घर, जमीन, खटले. परत आला किंवा त्याचा मृतदेह परत आला, तर त्यानंतरची सगळी धावपळ. यासाठी लागणारे कायदे मोजके आहेत: १९८३चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट (इथून बाहेर नोकरीला जाणाऱ्यांचा), १९६७चा पासपोर्ट अ‍ॅक्ट, १९५५चा नागरिकत्व कायदा आणि १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेला इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट, ज्यानं १९४६चा फॉरिनर्स अ‍ॅक्ट आणि आणखी तीन जुने कायदे रद्द केले. त्यांच्या जोडीला फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आणि रोजचा फौजदारी कायदा. हे चार-पाच कायदे नीट वाचलेला वकील तालुक्याच्या ठिकाणी सापडणं कठीण असतं, आणि पक्षकार मात्र दर आठवड्याला येत असतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. नव्या वकिलाला हे कारकुनी काम वाटतं. मला ते या प्रॅक्टिसचा पाया वाटतं. एक नेहमीची फाइल घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव ‘इब्राहिम’, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नावाचा रकाना कोरा, आधारवर ‘इब्राहीम’ आणि मध्ये वडिलांचं नाव, पासपोर्टात सगळं नाव एकाच रकान्यात आणि आडनावाचा रकाना रिकामा. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं, मुलांच्या जन्मदाखल्यावर सासरचं. गावात याचं कुणाचं काही अडत नाही. बायको-मुलांचा फॅमिली व्हिसा काढायची वेळ आली की सगळं एकदम अडतं. नोव्हेंबर २०२२पासून यूएईनं पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश थांबवला, तेव्हा आपल्याकडच्या किती घरांत धांदल उडाली ते तुम्ही पाहिलंही असेल.

अशा फाइलमध्ये पहिली चूक होते ती घाईनं पासपोर्ट दुरुस्तीला टाकण्याची. पासपोर्ट हा शेवटचा कागद. आधी एका कागदावर तक्ता करा: आडवी कागदपत्रं, उभे रकाने नाव, वडील, आई, जन्मतारीख, जन्मगाव, प्रत्येक घरात अक्षर न् अक्षर जसंच्या तसं. मग ठरवा की कोणता कागद मूळ धरायचा. बहुधा जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला, दोन्हींतला जो आधीचा आणि ज्याची अस्सल नोंदवही हाताला लागते तो. जन्मनोंदीतली चूक निबंधकाकडे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५खाली दुरुस्त होते. मूळ नोंद खोडत नाहीत, शेजारी शेरा मारतात. नोंदच नसेल आणि वर्षाहून जास्त उशीर झाला असेल, तर २०२३च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून घ्यायचा. पूर्वीसारखा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकलात तर महिने फुकट जातील. नाव खरोखर बदलायचं असेल तर राजपत्र. केवळ स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी पुरतं. पण परदेशी वकिलातीत ते चालेलच असं नाही, म्हणून ज्या देशात कागद जाणार त्याची यादी आधी बघा.

लग्नाचं तसंच. निकाहनामा किंवा लग्नपत्रिका घरी असते, नोंदणी नसते. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली गावात विवाह निबंधक म्हणून ग्रामसेवकच काम पाहतो, त्यामुळे ही नोंदणी गावातच होते. ती करताना नवराबायकोच्या नावांची स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणे पडतील हे स्वतः बसून बघा. दाखला छापून आल्यावर दुरुस्तीला जाण्यापेक्षा ते दहा मिनिटांचं काम आहे.

मग साक्षांकन. अपॉस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का, आणि भारत २००५पासून त्या करारात आहे. ओमान, बहारीन करारात आहेत, सौदी डिसेंबर २०२२पासून, कॅनडा जानेवारी २०२४पासून. तिथे राज्य शासनाचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल झालं की पुरतं. कुवेत, कतार, यूएईसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनापुढे त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. पक्षकार म्हणतो, ‘भावाचं सौदीचं तर एवढ्यात झालं होतं.’ भावाचं झालं म्हणून याचं होईल असं नाही, आणि ते त्याला पहिल्या दिवशीच सांगायला हवं.

आता एजंटांचं. कोकणातल्या या प्रॅक्टिसचं सगळ्यात तातडीचं आणि मन विषण्ण करणारं काम हेच. एमिग्रेशन अ‍ॅक्टच्या कलम १०प्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याकडे केंद्राचं नोंदणी प्रमाणपत्र हवंच. त्याला उमेदवाराकडून घेता येणारं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, तेही पावती देऊन. प्रत्यक्षात लाख-सव्वा लाख रोख घेतले जातात आणि हातात व्हिसाचा धूसर फोटो दिला जातो.

पक्षकार पैसे द्यायच्या आधी आला, तर काम सोपं आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक एजंटांची यादी सर्वांसाठी खुली आहे. नाव, परवाना क्रमांक, पत्ता आणि परवाना चालू आहे की निलंबित, हे सगळं जुळवा. नुसत्या नावावर जाऊ नका. मुंबईतल्या खऱ्या परवानाधारकाचं नाव सांगून गावात पैसे गोळा करणारा सब-एजंट ही नेहमीची पद्धत आहे, आणि कायद्याला असा सब-एजंट मान्यच नाही. पोर्टलवरच्या नंबरवर फोन लावा, कार्डावरच्या नको. मग पासपोर्टचं मागचं पान उघडा. तिथे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड (ईसीआर) असं छापलं असेल आणि कामासाठी आखाती देशांसह यादीतल्या १८ देशांपैकी कुठे जायचं असेल, तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या केंद्राच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिच्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं संरक्षणही येतं. दहावी पास माणसाचा पासपोर्ट अजून ईसीआर असेल, तर आधी तोच बदलून घ्या. आणि एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करू’ म्हणाला, तर पक्षकाराला स्पष्ट शब्दांत नको म्हणा. परवानगी नाही, विमा नाही, करार नाही. थायलंडला नोकरी म्हणून निघालेली मुलं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकली, ती याच वाटेनं.

पैसे गेल्यावर आला, तर तक्रार नीट बांधणं हे तुमचं कौशल्य. पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर ठरलेलं असतं: हा दिवाणी व्यवहार आहे, एजंट मुंबईचा आहे, तिकडे जा. दोन्हींना उत्तर आहे. फसवणूक फोनवरून, व्हॉट्सअ‍ॅपवरून झाली असेल, तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम २०२प्रमाणे संदेश जिथे मिळाला तिथेही चौकशी आणि खटला चालतो. बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) फसवणुकीचं कलम ३१८(४) आणि एमिग्रेशन अ‍ॅक्टचं कलम २४ दोन्ही तक्रारीत घाला. नुसत्या कलम २४वर थांबू नका, त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड फक्त दोन हजार रुपयांपर्यंत आहे. आणि जी गोष्ट बऱ्याच वकिलांकडून सुटते ती ही: एमिग्रेशन अ‍ॅक्टखाली खटल्याला केंद्राची पूर्वमंजुरी लागते असं सांगून फाइल बाजूला ठेवली जाते. कलम २७चं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, वाचा. तक्रार खुद्द जाणाऱ्यानं किंवा त्याच्या वतीनं आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांनी केली असेल, तर मंजुरी लागत नाही. त्यामुळे तक्रारदार कोण हे विचार करून ठरवा. गावच्या सरपंचानं किंवा शेजाऱ्यानं केलेली तक्रार इथे अडू शकते.

पुराव्यात फोन जपा. पक्षकार नवा फोन घेतो, जुन्यातलं संभाषण जातं. आल्याबरोबर चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र तयार ठेवा, बँकेचं स्टेटमेंट घ्या. रोख दिली असेल तर कुणासमोर, कुठल्या दुकानात, कोणत्या दिवशी हे त्याच दिवशी लिहून घ्या. पासपोर्ट एजंटकडे अडकला असेल तर त्याची वेगळी मागणी करा. पासपोर्ट अ‍ॅक्टच्या कलम १७प्रमाणे तो केंद्र सरकारची मालमत्ता आहे, कुणालाही तो तारण म्हणून ठेवता येत नाही. तुम्हीही पक्षकाराचा मूळ पासपोर्ट कपाटात ठेवू नका, प्रत घ्या आणि परत द्या.

जहाजावर जाणाऱ्या मुलांचं थोडं निराळं. तिथे ई-मायग्रेटऐवजी डीजी शिपिंग या केंद्राच्या जहाज वाहतूक विभागाचा आरपीएसएल हा खलाशी-भरतीचा परवाना तपासायचा, आणि त्या परवानाधारकाला नोकरी लावण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि इंडॉस (खलाशी नोंदणी) नंबर असूनही मुलं बिनपरवाना एजंटला पैसे देतात, कारण पहिलं जहाज मिळत नाही. ही माहिती पालकांपर्यंत वेळेत पोहोचली तर बरंच नुकसान टळतं.

तिसरा गठ्ठा पासपोर्ट आणि फौजदारी केसचा. गावात बांधावरून मारामारी झाली, चार्जशीट गेलं, आरोपी कुवेतला नोकरीला. नूतनीकरणाच्या वेळी पोलीस अहवाल प्रतिकूल येतो आणि पासपोर्ट अ‍ॅक्टचं कलम ६(२)(एफ), म्हणजे फौजदारी खटला चालू असताना पासपोर्ट नाकारण्याचं कलम, पुढे येतं. नुसता एफआयआर असेल आणि कोर्टानं दखल घेतली नसेल, तर हे कलम लागत नाही, तसं परराष्ट्र मंत्रालयाचं ऑक्टोबर २०१९चं परिपत्रकच आहे. ते अर्जाला जोडा. केस कोर्टात असेल तर २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेप्रमाणे त्या कोर्टाची परवानगी घ्यायची. इथे विनंतीच्या परिच्छेदात मुदत स्पष्ट मागा. आदेशात मुदत नसेल तर पासपोर्ट एक वर्षाचाच मिळतो. मग दरवर्षी तोच अर्ज, तीच तारीख, आणि तिकडे एक वर्षाच्या पासपोर्टवर इकामा (तिथला राहण्याचा परवाना) नूतन करताना हाल. एका वाक्याचा फरक आहे, पण माणसाची नोकरी त्यावर अवलंबून असते.

लूकआउट सर्क्युलर, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवायची सूचना, हेही याच गठ्ठ्यातलं. कौटुंबिक वादाच्या केसमध्ये नवरा परदेशात असला की ते निघतं, आणि त्याला कळतं विमानतळावर. ते मागे घ्यायचा अधिकार ज्या यंत्रणेनं काढलं तिला आहे, किंवा मग कोर्टाला. तपासात हजर राहण्याची लेखी तयारी आधी द्या, नंतर अर्ज करा, उलट्या क्रमाने सहसा काही हाती लागत नाही. बाजू पत्नीची असेल तर याच गोष्टी दुसऱ्या टोकानं बघायच्या: त्याचा तिकडचा पत्ता, कंपनी, पासपोर्ट क्रमांक पहिल्या अर्जातच द्या.

परदेशी नागरिकांचं काम आपल्याकडे कमी वाटतं, पण आहे. केपटाऊन, लंडनमध्ये स्थायिक झालेली कोकणी कुटुंबं. त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी नागरिकत्व कायद्याच्या कलम ९प्रमाणे इथलं संपलं. तरी भारतीय पासपोर्ट कपाटात आणि नाव मतदार यादीत तसंच राहतं. सरेंडर सर्टिफिकेट (भारतीय पासपोर्ट जमा केल्याचा दाखला) आधी, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) नंतर. ज्यांचे आईवडील, आजीआजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते त्यांना ओसीआय मिळत नाही. फाळणीनंतर कराचीला गेलेली माणसं ज्या घरात आहेत, तिथे हा प्रश्न हळुवारपणे पण पहिल्याच भेटीत विचारा. जमिनीबद्दल तर रोज गैरसमज: ओसीआय कार्डधारक असो की परदेशी राहणारा भारतीय नागरिक, त्याला आंब्याची बाग किंवा शेतजमीन वारसानं मिळते, विकत घेता येत नाही. भावाचा हिस्सा खरेदीखतानं घ्यायला निघालेल्याला हे इसाराआधी कळायला हवं. तिकडून आलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या, नाहीतर दंड पडतो.

गणपतीपुळे, तारकर्लीचे होमस्टेवाले आणि मिरकरवाड्याचे बोटमालक हेही तुमचे पक्षकार. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची असते. जुन्या सवयीनं सगळे तिला ‘सी फॉर्म’च म्हणतात. बोटीवरच्या आणि बागेतल्या नेपाळी खलाशी-राखणदारांना १९५०च्या करारामुळे व्हिसा लागत नाही, पण नेपाळी असल्याचा पुरावा लागतो. तो मालकानं कामावर ठेवतानाच बघून प्रत ठेवावी, म्हणजे तपासणीत त्या गरीब माणसाला चौकीत बसावं लागत नाही.

मृत्यू, थकीत पगार, तिकडचा तुरुंग ही कामं फीसाठी नसतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार, वकिलातीच्या कल्याण निधीसाठी अर्ज, तिकडच्या नुकसानभरपाईसाठी वारसांचं मुखत्यारपत्र. घरच्यांनी घाईत कोऱ्या कागदावर सह्या करून कुणा ‘ओळखीच्या’ला पाठवू नयेत एवढं पाहिलंत तरी त्या घरावर उपकार होतील.

आता तुमच्या स्वतःच्या मर्यादा. बार कौन्सिलचे नियम इथे इतर प्रॅक्टिसपेक्षा जास्त आड येतात, कारण आजूबाजूला सगळे जाहिरात करत असतात. तुम्हाला फलकावर ‘व्हिसा स्पेशालिस्ट’ लिहिता येणार नाही. सनद चालू ठेवून ट्रॅव्हल किंवा भरती एजन्सी चालवता येणार नाही. बिगरवकील एजंटबरोबर फी वाटून घेता येणार नाही, आणि ‘काम झालं तर पैसे’ ही बोलीही नाही. एजंट स्वतःहून येतील, ‘माझी कागदपत्रं करा, दर फाइलमागे इतके’ म्हणतील. घेऊ नका. उद्या त्याच एजंटविरुद्ध त्याच गावातली बाई तुमच्यासमोर बसेल. फी टप्प्यांत सांगा: कागद तपासणी आणि लेखी मत एक, दुरुस्त्या दुसरा, कोर्टाचं काम तिसरा. लेखी मत पाच ओळींचं का असेना, द्याच.

राहिलं मुंबई की खेड. ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्याकडे गेले. रायगड मुंबईकडेच आहे. म्हणजे कशेडी घाटाच्या अलीकडे खेडचा पक्षकार कोल्हापूरला आणि पलीकडे पोलादपूरचा मुंबईला. पासपोर्टच्या रिट याचिकांसाठी दोन्हीकडे एकेक ओळखीचा वकील जोडून ठेवा. खालचं सगळं काम, म्हणजे नोंदवह्या, ग्रामसेवक, पोलीस ठाणं, प्रांत, सत्र न्यायालय, ते गावाजवळ बसणाराच नीट करू शकतो. मात्र पहिली दोनतीन वर्षं यावरच घर चालेल असं धरू नका. दिवाणी-फौजदारी काम सोडू नका, सीनियरही सोडू नका. घरून थोडा आधार असेल, उर्दू वाचता येत असेल आणि इंग्रजी मसुदा स्वच्छ जमत असेल तर वेळ कमी लागेल. तुमच्या गावातून तिकडे गेलेली माणसं जास्त असतील तर तेही कामी येईल. डिप्लोमाच्या फीतून कायद्यांच्या चालू आवृत्त्या, स्कॅनर आणि चांगला प्रिंटर घ्या. १९८३च्या कायद्याजागी नवा कायदा आणण्याचा मसुदा केंद्रानं २०२५मध्ये काढला आहे, त्यावर लक्ष ठेवा. तो आला की वरची एमिग्रेशनची कलमं बदलतील.